साल ठरवताना

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर वर्षाने कामाला ठेवलेल्या सालदाराचं साल ठरायचं. आदल्या दिवशी पितरांसाठी घागर भरलेली असायची. माहेरी आलेल्या लेकी अजून निंबाच्या झोक्यावर असायच्या. वडील खाटेवर बसत आणि सालदार आजोबा खालच्या पायरीवर. मी त्यांना आजोबाच म्हणायचो, कारण माझ्या जन्माआधीपासून ते आमच्याकडे सालाने होते. वर्षाची रोख किती, महिन्याला दादर ज्वारी किती, दोन जोड कपडे, पायताण, घोंगडी, उचल किती आणि ती फिटणार कशी, एवढ्याच गोष्टी असायच्या. पण त्या बोलायला दुपार लागायची, कारण आजोबांच्या तोंडून रकमेचा आकडा लवकर निघतच नसे.

एका वर्षी तो निघाला. "पोऱ्या आते मोठा व्हयना भाऊ, खर्च वाढना," असं म्हणून त्यांनी वाढ मागितली. मागताना ते वडिलांकडे बघत नव्हते, पायरीच्या दगडावरून बोट फिरवत होते. वडिलांनी थोडी घासाघीस करून वाढ दिली. पण ते गेल्यावर घरात कोणीतरी म्हणालं, "इतकी वर्षं आपल्या घरचं खाल्लं, आणि आता तोंड वर करून मागतोय." हे वाक्य मी विसरलेलो नाही. बारा महिने ज्याच्या अंगावर आमची शेती उभी होती, त्याने वर्षातून एकदा आपल्या अंगाची किंमत सांगितली, तर आम्हाला तो उपकार विसरलेला वाटला.

आजोबांचा मुलगा पुढे भुसावळला रेल्वेत लागला, म्हणून नातू रेल्वे कॉलनीत वाढला. तिथल्या मैदानावर बूट झिजवून तो गोलकीपर झाला आणि एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक क्लबने त्याला एका हंगामासाठी घेतलं. 2025 च्या पावसाळ्यात तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये त्या कराराची पानं होती. सगळी इंग्रजीत, आणि शेवटच्या पानावर त्याची सही. तीन महिने पगार नव्हता. क्लबचं म्हणणं असं की उरलेल्या हंगामासाठी निम्म्या पगारावर नव्याने सही कर, नाहीतर घरी बस. मी विचारलं, "सही करताना वाचलं होतंस का?" तो म्हणाला, "काका, तिथे पेन हातात दिला. वाचत बसलो असतो तर दुसऱ्याला बोलावलं असतं."

आम्ही ती पानं एकेक करून वाचली. त्यात एक कलम होतं: दुखापतीमुळे खेळाडू ठरावीक मुदतीत तंदुरुस्त झाला नाही, तर क्लबला करार संपवता येईल. उपचाराचा खर्च कोणी करायचा, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. गोलकीपरचा गुडघा म्हणजे त्याची बैलजोडीच. ती मोडली तर काय, हे कागदावर कुठेच नव्हतं.

त्याच पावसाळ्यात भारतीय फुटबॉलच्या वरच्या मजल्यावरही हेच चाललं होतं. 2010 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 700 कोटी रुपयांच्या बदल्यात 15 वर्षांसाठी आपले व्यापारी हक्क एका कंपनीला दिले होते, आणि त्यातूनच पुढे इंडियन सुपर लीग उभी राहिली. मुदत संपत आली तरी नवा करार होईना. 11 जुलै 2025 ला लीग चालवणाऱ्या कंपनीने हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं, आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. महासंघ, कंपनी, क्लबांचे मालक, न्यायालय आणि सरकार, सगळे एकमेकांशी बोलत होते. ज्यांच्या पायांवर हा खेळ चालतो त्यांना मात्र 2026 च्या जानेवारीत कॅमेऱ्यासमोर उभं राहून फिफाला हात जोडावे लागले. त्यात सुनील छेत्री होता, गुरप्रीत सिंग संधू होता. भारताकडून सर्वाधिक गोल केलेला माणूस जर दाराबाहेर उभा असेल, तर भुसावळच्या पोराची खुर्ची कुठे असणार?

लोक म्हणतात, खेळायला मिळतंय हेच नशीब, त्यात पगाराची भांडणं कसली? हे मला मुळातच मान्य नाही. आवड आहे म्हणून काम फुकट होत नाही. आजोबांचाही आमच्या बैलांवर जीव होता, म्हणून त्यांची दादर कमी करायची का? खेळाडूची कमाईची वर्षं फार तर दहा-बारा. पस्तिशीला त्याचं शरीर बाजारातून उठतं. सालदाराला निदान दर आखाजीला नवं साल होतं, इथे तर अख्खं आयुष्यच दहा-बारा सालांचं.

मालकाचीही बाजू आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. आपल्याकडे फुटबॉल क्लब चालवणं तोट्याचं आहे. महिंद्रा युनायटेडसारखा मुंबईचा राष्ट्रीय विजेता संघ 2010 मध्ये बंद झाला आणि पुढे पुण्यातले संघही मिटले. मालकाचा तोटा मी खोटा म्हणत नाही. पण तोटा आहे असं सांगून पगार कापायचा असेल, तर वही उघडून दाखवावी. अमेरिकेतल्या त्यांच्या फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या 2020 च्या सामूहिक करारात लीगच्या उत्पन्नाचा निदान 48 टक्के वाटा खेळाडूंचा ठरलेला आहे. वाटा ठरला की हिशेब दाखवावाच लागतो. आपल्याकडे तोट्याचा हिशेब मालकाच्या कपाटात आणि कपात खेळाडूच्या खात्यात.

इंग्लंडमध्येही हे आपोआप झालं नाही. तिथल्या व्यावसायिक खेळाडूंनी 1907 मध्ये मँचेस्टरला संघटना बांधली. तरी 1961 पर्यंत कोणत्याही खेळाडूला आठवड्याला 20 पौंडांपेक्षा जास्त देता येत नसे, मग त्याच्यासाठी कितीही प्रेक्षक येवोत. जिमी हिल या खेळाडूच्या पुढाकाराने संघटनेने संपाची तयारी केली आणि ती मर्यादा गेली. मुदत संपली तरी खेळाडूला अडकवून ठेवायची क्लबची रीत होती. तिच्याविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम न्यायालयात गेला आणि 1963 मध्ये जिंकला. हे दोघेही चांगले खेळाडू होते, पण बदल झाला तो मागे संघटना उभी होती म्हणून.

हे आपल्या मातीला नवं नाही. 1906 मध्ये अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. ज्या प्रतापशेठांनी ती उभारली त्यांनीच तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. दानत असलेला मालक होता, हे मोकळ्या मनाने म्हटलं पाहिजे. तरीही त्याच गावात कामगारांना संघटना लागली, आणि प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेले साने गुरुजी कामगारांच्या बाजूला उभे राहिले. मालक चांगला असला तर संघटना कशाला, हा प्रश्न खानदेशाने तेव्हाच निकालात काढला होता. मालक चांगला आहे की नाही, यावर मजुराचं पोट अवलंबून राहू नये, म्हणून संघटना.

मग आपल्या मुलांना आपण एकेकटं का पाठवतो? धुळे-जळगावची कितीतरी मुलं कबड्डी, फुटबॉल, क्रिकेटमध्ये नशीब काढायला बाहेर पडतात. निवड झाली की गावात फ्लेक्स लागतो, आमदार हार घालतो, पण करार कोणी वाचत नाही. 2014 पासून प्रो कबड्डी आली आणि लिलावात कोणाला किती कोटी मिळाले, याची आपल्याकडे चवीने चर्चा होते. पण लिलावात भाव बोलतो मालक आणि हातोडा पडतो तो खेळाडूवर. कोणत्या गावी जायचं, कोणत्या संघात, हे त्याच्या हातात जवळपास नसतं. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात मोजतं, तेव्हा बैलाला विचारत नाही. माणसाला विचारायला हवं.

जिल्हा क्रीडा संघटनांनी आधी एवढं तरी करावं: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा करार मराठीत समजावून सांगणारा वकील त्याला मिळवून द्यावा. दुखापतीचा विमा नसलेल्या करारावर कोणत्याही मुलाने सही करू नये, हे प्रशिक्षकांनी मैदानावरच शिकवावं, पेनल्टी अडवायला शिकवतात तसंच. आणि खेळाडूंनी संघटनेचं सभासद व्हावं. भारतात फुटबॉलपटूंची संघटना 2006 पासून आहे. फिफाच्या नियमात असंही आहे की क्लबने दोन महिन्यांचे पगार बेकायदा थकवले, तर लेखी नोटीस देऊन 15 दिवस वाट पाहिल्यावर खेळाडू करार मोडू शकतो. नातवाला हे माहीतच नव्हतं. तीन महिने तो स्वतःलाच दोष देत बसला होता.

आजोबा अजून आहेत, नव्वदीच्या घरात. नातवाची गोष्ट ऐकून त्यांनी एकच विचारलं, "तू एकटाच गया व्हता का?" एकटाच गेला होता. त्या रात्री नातवाने संघातल्या आणखी चौघांना फोन लावले. दोघांनी पगाराचं नाव काढताच फोन ठेवला. तिसरा म्हणाला, माझेही तीन महिने थकलेत. चौथा नाशिकचा, तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने भुसावळला उतरला. नोटिशीचा मसुदा आम्ही माझ्या ओट्यावर बसून लिहिला. आजोबा खाटेवर बसले होते आणि मी पायरीवर.