घोषणा आणि तिचे ऋण

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतील क्षेत्रफळाने सर्वांत लहान राज्य. ४ मे १७७६ रोजी प्रॉव्हिडन्स येथे भरलेल्या त्याच्या विधिमंडळाने इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याशी असलेले निष्ठेचे बंधन तोडून टाकले. तेरा वसाहतींचा सामायिक जाहीरनामा निघाला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, ४ जुलैस. म्हणून ४ मे हा दिवस तेथे स्वातंत्र्यदिन म्हणून स्मरला जातो. २०२६ हे त्याचे २५०वे वर्ष.

लहानशा प्रांताचे हे धैर्य वंदनीय खरेच. परंतु त्याच प्रांतातील न्यूपोर्ट बंदरातून गुलामांच्या व्यापारासाठी जहाजे आफ्रिकेकडे जात असत. वसाहतींमध्ये या व्यापारात ऱ्होड आयलंडच अग्रेसर होते. १७७८ साली सैन्यात भरती होणाऱ्या गुलामांस मुक्ती देण्याचे ठरले. १७८४च्या कायद्याने पुढे जन्मणारी मुले स्वतंत्र मानली गेली. त्यांना जन्म देणारी माता मात्र गुलामच राहिली. गुलामगिरीस संपूर्ण मनाई करणारी राज्यघटना अमलात आली ती १८४३ साली, म्हणजे घोषणेनंतर ६७ वर्षांनी.

मग जे स्वातंत्र्य स्वतःसाठी मागितले आणि दुसऱ्यास नाकारले, त्याची घोषणा असत्य म्हणावी काय?

आम्हांस तसे वाटत नाही. पूजेच्या आरंभी आपण हाती उदक घेऊन संकल्प सोडतो. संकल्प म्हणजे पूजा नव्हे. पण तो सोडल्यावर पूजा अर्धवट टाकून उठता येत नाही. घोषणेचेही तसेच आहे. अपुऱ्या माणसांनी उच्चारली म्हणून ती खोटी ठरत नाही. उच्चारणाऱ्यावर आणि त्याच्या वंशजांवर ती ऋण ठेवून जाते. ते ऋण विसरून केलेला उत्सव मात्र खोटा ठरतो.

दुसऱ्याचा हिशेब मांडताना आपली वही झाकून ठेवणे बरे नव्हे. देवापुढे सारे समान, ही आमच्या संतांची घोषणा कित्येक शतकांची. तरी चोखोबांची समाधी पंढरीस महाद्वाराबाहेर आहे, आणि ज्यांना अस्पृश्य म्हटले त्या बांधवांस ते द्वार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली.

म्हणून कोणत्याही स्वातंत्र्यदिनी तोरणे अवश्य बांधावीत. पण त्याआधी, आपल्या उंबरठ्याबाहेर अजून कोण उभे आहे, ते एकदा पाहून यावे.