चूक कोण ठरवतं?

मागच्या वर्षी ऑफिसात माझ्याकडे एक कंटाळवाणं काम आलं. मराठी बोलणं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लोकांनी रेकॉर्ड केलेली वाक्यं ऐकायची आणि प्रत्येकासाठी एक बटण दाबायचं: 'बरोबर', 'चूक' किंवा 'कळलं नाही'. एका क्लिपमध्ये तलासरीकडची एक बाई भाताच्या लावणीबद्दल बोलत होती. बोली वारली. मी डहाणूत वाढलो, मला सगळं कळलं. तरी 'चूक' दाबलं आणि पुढची क्लिप लावली.

तेव्हा काहीच वाटलं नाही. वाटलं ते नंतर, भाषाविज्ञानातलं थोडंफार वाचताना.

'फॉर्मल अप्रोचेस टू साउथ एशियन लँग्वेजेस' नावाची एक परिषद दरवर्षी भरते. पहिली २०११ साली अमेरिकेत, अ‍ॅमहर्स्टला झाली. भाषेची रचना जवळजवळ गणितासारख्या काटेकोर नियमांत मांडणारे अभ्यासक तिथे आपल्याकडच्या भाषांवर निबंध वाचतात. अशा निबंधांत काही वाक्यांआधी एक छोटी चांदणी असते. तिचा अर्थ, असं वाक्य या भाषेत होत नाही. 'रामने आंबा खाल्ला' होतं, 'मी आंबा खाल्ला' होतं, पण प्रमाण मराठीत 'मीने आंबा खाल्ला' होत नाही, म्हणून त्याला चांदणी. रामला 'ने' लागतो आणि 'मी'ला का लागत नाही, यावर बरंच संशोधन झालं आहे.

पण चांदणी द्यायची की नाही, हे कोण ठरवतं? ती भाषा बोलणारा माणूस. त्याला विचारतात, "तुम्ही असं म्हणाल का?" तो नाही म्हणाला तर चांदणी. उद्या दुसऱ्या गावातली बाई म्हणाली, "आमच्याकडे असंच म्हणतात," तर अभ्यासक तिला सुधारत बसत नाही. तिच्या बोलीचा नियम वेगळा आहे, असं लिहून घेतो.

शाळेतल्या लाल शाईचं याच्या उलट असतं. कुणी 'म्या केलं' लिहिलं की ते खोडलं जातं, गावंढळ म्हणून. हे रूप संतांच्या मराठीत आहे. शिवाय 'रामने', 'त्याने' यांच्यासारखीच कर्त्याची खूण 'म्या'मध्येही आहे. ती प्रमाण मराठीने सोडली, काही बोलींनी जपली. म्हणजे खोडलं जातं ते नियम मोडल्याबद्दल नव्हे, दुसरा नियम पाळल्याबद्दल.

मी दाबलेलं बटण म्हणजे लाल शाईच होती. 'कळलं नाही' म्हणायची सोयही मला नव्हती. कळलं होतं.

यावर कुणी म्हणेल, प्रमाण भाषा नको का? हवी. अर्ज, परीक्षा, नोकरी तिच्यावर चालतात, माझीही चालते. पण 'इथे असं लिहितात' हे सांगणं वेगळं आणि 'तू बोलतोस ते चूक' हे सांगणं वेगळं. पहिल्याने मुलाला आणखी एक भाषा मिळते. दुसऱ्याने त्याची होती ती जाते. आमच्या वर्गात पाड्यावरून येणारा एक मुलगा एकदा उत्तर द्यायला उभा राहिला आणि सगळे हसले. मीही हसलो. उत्तर बरोबर होतं. त्यानंतर त्याने हात वर केलेला मला आठवत नाही.

डहाणूतल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रांसाठी २०११ सालीच पद्मश्री मिळाली. आज ती चित्रं कुर्त्यांवर, कपांवर, भिंतींवर असतात. त्याच माणसांची बोली कानावर आली की मात्र आपण हसतो.

अभ्यासकही हिशोबातून सुटत नाहीत. कुणाचं तरी वाक्य दूरच्या सभागृहात 'उदाहरण क्रमांक १४' होतं आणि बोलणारीला त्याचा पत्ता नसतो. विचारून घेतलं म्हणून देणं फिटत नाही. काय सापडलं ते तिच्यापर्यंत परत जायला हवं, असं मला वाटतं.

मला ते जमणार नाही. त्या क्लिपला नाव नव्हतं, फक्त नंबर होता. 'वेगळी बोली' असं चौथं बटण द्या, असं मी टीमला लिहिलं. "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू," असं उत्तर आलं. मग तो नंबर शोधला, क्लिप पूर्ण ऐकली आणि 'बरोबर' दाबलं. सॉफ्टवेअरला तिचं बोलणं कदाचित तरीही कळणार नाही. पण ती चुकली होती, ही माझी साक्ष आता त्यात नाही.