प्रमुख कोणी व्हावे?

कॅनडातील ‘इंडस्पायर’ ही संस्था तेथील मूळ रहिवासी जमातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या देते. अशा संस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी त्या जमातींतलाच असावा काय? जन्मावरून पात्रता ठरविणे आपण नाकारले. मग येथे जन्म का पाहावा?

इतिहास पाहा. त्या देशात दीड लाखाहून अधिक मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत डांबली गेली. चालक स्वतःला उपकारकर्ते समजत; त्यांना जाब विचारण्याचा अधिकार मात्र आईबापांना नव्हता. तेव्हा प्रश्न रक्ताचा नाही, जबाबदारीचा आहे.

२००४ ते २०२० या काळात मोहॉक जमातीच्या रोबर्टा जेमिसन यांनी ही संस्था चालविली. १९७६ साली कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या आपल्या लोकांतील पहिल्या स्त्री. म्हणजे विद्या समाजात होतीच. ‘लायक माणूस मिळत नाही’ ही सबब खोटी ठरली.

परंतु केवळ आपला म्हणून कोणालाही खुर्ची देऊ नये. आपला माणूसही खुर्चीवर बसून आपल्यांना विसरतो. निवड करणाऱ्यांनी उमेदवाराला एवढेच विचारावे : शाळा सुटलेल्या पोराची आई दारात आली, तर तिला उत्तर द्याल काय?