सायन्सला घातले

दिवाळीच्या फराळाला चार घरचे पाहुणे जमले, की घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाची उलटतपासणी ठरलेली. चकलीचा तुकडा मोडता मोडता काका विचारतात, "मग, पुढे काय?" मूल तोंड उघडण्यापूर्वीच आई म्हणते, "सायन्सला घातलंय त्याला." प्रश्न मुलाला, उत्तर आईचे, आणि मूल बिचारे लाडवातला बेदाणा शोधत बसलेले!

त्या उत्तराकडे वाचकांनी जरा निरखून पाहावे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पण कोणी रजेवर गेले, की व्याकरणाचा तासही माझ्या वाट्याला येतो. तेवढ्या अधिकाराने सांगतो, या वाक्यात मूल हे कर्म आहे, कर्ता नव्हे. आपण पैसे धंद्यात घालतो, तसे मुलाला शाखेत घालतो. मुलीच्या बाबतीत तर भाषा आणखी स्पष्ट आहे. तिला 'देतात'. ज्या वयात माणसाने प्रथमच स्वतःच्या आयुष्याचा कर्ता व्हायचे, त्याच वयात आपण त्याला द्वितीयेचा प्रत्यय लावून मोकळे होतो.

मी स्वतः, जुन्या भाषेत सांगायचे तर, मॅट्रिक. विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी चढलो नाही. नावावर चार कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या पात्रांना मी वकील केले, फौजदार केले, एकाला तर संन्यासीही केले. बेत फसला तर कागद फाडता येतो. वर्गातल्या मुलाच्या बाबतीत ती सोय नाही. तरीही दर वर्षी निकाल लागला, की कोणीतरी बाप टोपी हातात धरून उभा राहतो आणि विचारतो, "मास्तर, पोराला कशात घालू?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मला अधिकार काय? सल्ला माझा, पैसा बापाचा आणि आयुष्य मुलाचे. तिघांत ज्याचे काहीच जाणार नाही, त्यानेच सर्वांत मोठ्याने बोलावे, हा कुठला न्याय?

यावर एक सोपे उत्तर हल्ली सर्रास ऐकू येते: "मुलाचे त्याला ठरवू द्या." ऐकायला हे उदार वाटते. पण आडगावच्या पंधरा वर्षांच्या मुलाने उद्योग तरी किती पाहिलेले असतात? शिक्षक, तलाठी, कंडक्टर, पोलीस आणि दवाखान्यातले डॉक्टर. एवढ्यातून 'निवड' म्हणजे दोन भाज्यांच्या खानावळीत "काय हवे ते मागा" म्हणण्यासारखे आहे. ज्याला वाटाच ठाऊक नाहीत, त्याला चौकात सोडून "तू स्वतंत्र आहेस" असे सांगणे, हे स्वातंत्र्य देणे नव्हे. आपली जबाबदारी झटकणे आहे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की माहिती हा सल्ला नव्हे. ते ऋण आहे. दहावीनंतर ३ वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका घेतली, तर अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. विज्ञान शाखेतून पुढे कला-वाणिज्याकडे वळता येते. उलट दिशेने येणे फार अवघड. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते नोकरी-शेती करणाऱ्यालाही पदवीपर्यंत नेते. २०२४ सालापासून वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क राज्य सरकारने माफ केले आहे. फी झेपणार नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबवणाऱ्या बापाला हे ठाऊक नसेल, आणि ठाऊक असलेला शिक्षक गप्प बसला असेल, तर त्या मुलीच्या न झालेल्या शिक्षणात त्या मौनाचाही वाटा आहे.

सरकारने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. कल्पना वाईट नव्हती. पण कागदावर कल कळला, तरी त्या कलाचे कॉलेज तालुक्यात आहे का, संध्याकाळची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, आणि धाकट्या भावंडांचे काय, हे कागद सांगत नाही. मुलीच्या बाबतीत तर कलापेक्षा एस.टी.चे वेळापत्रकच पुष्कळदा निकाल देते. "जवळचे कॉलेज बरे," असे आपण तिला सांगतो. तो सल्ला तिच्या हिताचा असतो, की आपल्या भीतीचा, हे सांगणाऱ्याने एकदा स्वतःला विचारावे.

दुसरे मत वडीलधाऱ्यांचे: "आम्ही पावसाळे जास्त पाहिले आहेत." ते हसण्यावारी नेऊ नये. ज्याने फीसाठी दावणीची गाय विकली, त्याला 'फळ काय' असे विचारण्याचा हक्क आहे. पण हक्क कोठे संपतो? येथे मला गोपाळ गणेश आगरकर आठवतात. एम.ए.चा अभ्यास करीत असताना त्यांनी आईला कळवले होते, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार. त्या पत्राचे आपण कौतुक करतो. पण ते वाचणाऱ्या, गरिबीत मूल वाढवलेल्या त्या माउलीला काय वाटले असेल? १८९५ साली, चाळिशीही न गाठता, आगरकर गेले. व्यवहारी सल्लागाराला विचारले असते, तर त्याने सरकारी नोकरीच सांगितली असती. आणि त्या घरापुरते पाहिले तर त्याचे चुकलेही नसते.

यातून मला एक गोष्ट उमगते. त्याग स्वीकारता येतो. दुसऱ्याला सुचवता येत नाही. आगरकरांनी ते स्वतः लिहिले म्हणून ते पत्र थोर. तेच त्यांच्या एखाद्या पगारदार गुरुजींनी त्यांच्याकडून लिहवून घेतले असते, तर त्याला दुसऱ्याच्या ताटातले दान म्हणावे लागले असते. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. सुरक्षिततेची हौस आपली असेल, तर तीही मुलावर लादू नये. शौर्य उसने देता येत नाही, तशी भीतीही देऊ नये.

मग शिक्षकाने करावे तरी काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा निरनिराळ्या जातींच्या मुलांना त्यांनी एका छपराखाली आणले, राहण्याजेवणाची सोय केली आणि कष्ट करून शिकण्याची वाट दाखवली. कोणी काय व्हावे, हा पुढचा प्रश्न; आधी काहीही होता येईल अशी जमीन हवी. सल्ला स्वस्त असतो. त्यामागे मदतीचा हात असला, तरच त्याला किंमत येते.

मागे आमच्या शाळेतल्या एका हुशार मुलाने आय.टी.आय.ला जाऊन फिटर व्हायचे ठरवले. गुण ऐंशीच्या वर. बापाचा जीव सायन्समध्ये अडकलेला. मी दोघांना समोर बसवले आणि कोऱ्या कागदावर वाटा काढून दाखवल्या. आय.टी.आय.ची २ वर्षे; तेथून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याची सोय; पुढे हवी तर पदवी. प्रत्येक वाटेचा खर्च आणि धोकाही मांडला. बाप बराच वेळ कागदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "म्हंजी मास्तर, वाट बंद होत न्हाई?" मी म्हणालो, "लांब पडते दादा, पण बंद होत नाही." मुलगा गेला आय.टी.आय.ला. लग्नाकार्यात बाप अजून तो विषय टाळतो, असे ऐकतो. निर्णय बरोबर होता की नाही, हे मला आज सांगता येणार नाही. कदाचित दहा वर्षांनी त्या मुलालाही सांगता येणार नाही. पण तो त्याचा होता, आणि डोळे उघडे ठेवून घेतलेला होता.

आपण घरोघरी मुलांना एवढे तरी देऊ शकतो. जे ठाऊक आहे ते सगळे सांगावे, त्यातली गैरसोयीची बाजूही. खर्चाचा आकडा मुलापासून लपवू नये. घराची ऐपत ठाऊक असलेले मूल पुष्कळदा मोठ्यांहून शहाणे वागते. आणि त्याने निवड केल्यावर "बघ, तूच ठरवलंस हं!" असे बजावून हात झटकू नयेत. मूल आपल्या मनाविरुद्ध गेले आणि ठेचकाळून परत आले, तर दार उघडताना आपल्या चेहऱ्यावर "मी सांगत नव्हतो?" हे वाक्य असू नये. ते वाक्य ज्याला गिळता येते, त्यालाच मला वाटते पुढच्याला सल्ला देण्याचा अधिकार आहे.