अनिकेत

बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपल्या वाहून आणणारी पिकअप गाडी आपण सगळेच पाहतो. पुढे दोघातिघांना बसता येईल एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. अमेरिकेत ही गाडी थोडी दांडगी असते, आणि तिच्या हौद्यात नेमकी बसेल अशी एक बंदिस्त खोली तिकडे तयार विकत मिळते. खोलीचा वरचा भाग केबिनच्या टपावर पुढे आलेला असतो, तिथे बिछाना. खाली गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, हात धुण्याचे भांडे, बसायला एक बाक, आणि छतावर उन्हापासून वीज करणाऱ्या पट्ट्या. एका माणसाने स्वयंपाक करायचा तर दुसऱ्याने बाकावर पाय वर घेऊन बसायचे, एवढी ऐसपैस जागा! सुट्टीचे चार दिवस अशा खोलीत मजेने काढणारे तिकडे पुष्कळ आहेत. पण बारा महिने तेरा काळ याच खोलीत राहणारी, हिच्यावाचून दुसरे घर नसलेली माणसेही आहेत. त्यांच्यासंबंधी वाचताना माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो वाटला त्याहून पुष्कळ जुना निघाला.

प्रथम मनात येतो तो हेवा, हे कबूल केले पाहिजे. पावसाळ्याआधी कौले चाळणाऱ्या, घरपट्टी भरणाऱ्या आणि भावाभावांत भिंतीवरून अबोला धरणाऱ्या माणसाला, ज्याचे घर किल्ली फिरवताच चालू लागते तो मनुष्य मुक्त वाटल्यास नवल नाही. शिवाय आपल्या कानांवर लहानपणापासून संस्कारही तसेच झालेले. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तो ‘अनिकेत’ असतो असे म्हटले आहे. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. बुद्धाचे भिक्षू पावसाळा सोडून उरलेले आठ महिने फिरतीवर असत. घर सोडणारा हा घर धरून बसणाऱ्याहून मोठा, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल गेली आहे की मुलांची नावेसुद्धा आपण अनिकेत ठेवतो, आणि मग तीस वर्षे त्याच्या फ्लॅटच्या हप्त्यांची काळजी करतो.

अमेरिकेलाही या वृत्तीचे वेड आहे. १८४५ साली थोरोने वॉल्डन तळ्याकाठी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशी झोपडी बांधली, तिचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट असा पैशापैशाने लिहून ठेवला, आणि दोन वर्षांहून थोडा अधिक काळ तो तिथे राहिला. १९६० साली जॉन स्टाइनबेकने आपल्या पिकअपवर अशीच एक खोली चढवली, डॉन किहोतेच्या घोड्याचे रोसिनांते हे नाव गाडीला दिले, आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला शेजारी बसवून तो देश पाहायला निघाला. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे शोध घेणाऱ्यांनी दाखवून दिले की त्या प्रवासातल्या पुष्कळ रात्री स्टाइनबेकसाहेबांनी हॉटेलांत काढल्या होत्या. मला यात त्याला खोटे पाडण्याची हौस नाही. कादंबरीकार थोडे रचतो, हे मी तरी कोणत्या तोंडाने नाकारू? मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. स्टाइनबेकला सॅग हार्बर गावी स्वतःचे घर होते, आणि थोरोची झोपडी उभी होती ती त्याच्या मित्राच्या, एमर्सनच्या, जमिनीवर. “ऊठ इथून” असे या दोघांना कोणी म्हणणार नव्हते. त्यांच्या साध्या राहणीचा हा पाया पुस्तके वाचताना आपल्या लक्षात येत नाही.

ज्यांना परतायला घर नाही त्यांची गोष्ट इथून वेगळी होते. २००८ च्या मंदीत पुष्कळांची घरे गेली, म्हातारपणाची पुंजी आटली. त्यांतले काही गाड्यांत राहू लागले. जेसिका ब्रूडर या लेखिकेने त्यांच्याबरोबर हिंडून २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. साठी ओलांडलेली ही माणसे हंगामाप्रमाणे कामामागे फिरतात. शरद ऋतूत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटात बीट निघते. हे साखरेचे बीट. त्या काढणीसाठी गाड्यांत राहणारी मंडळी गोळा होतात, बारा बारा तासांच्या पाळ्या करतात आणि हंगाम संपला की पांगतात. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दसरा झाला की त्याच्या गावातली निम्मी घरे कुलूप लावून ऊस तोडायला जातात आणि कारखान्याच्या शिवारात कोप्या घालून राहतात. साखर गोड करण्यासाठी माणसाला घर सोडावे लागते, हा नियम दोन्ही गोलार्धांत सारखाच दिसतो.

तरीही त्यांच्याविषयी नुसता कळवळा आणणे मला पसंत नाही. त्यांच्यातले कित्येक स्पष्ट सांगतात की आता घर दिले तरी नको. पहाटे वाळवंटात दार उघडून बसण्याचे सुख खरे आहे, ते गरिबीवर घातलेले पांघरूण नव्हे. त्यांची अडचण राहण्याच्या लहान जागेची फारशी नसतेच. चाळीत याहून लहान जागेत संसार झाले आहेत. अडचण असते ती संध्याकाळची. गाडी चालवायला कोणाची आडकाठी नाही. रस्ता सर्वांचा आहे. पण गाडी थांबवायची कुठे? सरकारी मोकळी जमीन पश्चिमेकडे अफाट आहे, आणि तिच्यावर फुकट मुक्काम करता येतो. पण साधारणपणे अठ्ठावीस दिवसांत चौदाच दिवस. मग हलायचे. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाजवळ हिवाळ्यात शुल्क भरून सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत राहता येते, म्हणून तिथे गाड्यांचे गावच वसते. शहरात मात्र दुकानाच्या आवारात किंवा गल्लीच्या कडेला, पडदे ओढून, दिवा न लावता झोपायचे. मध्यरात्री काचेवर टकटक होते. उठून निमूटपणे गाडी चालू करायची.

या खोलीला घर म्हणावे की वाहन, हा प्रश्न तिकडच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८५ मध्ये आला होता. सॅन दिएगो शहरात एका राहत्या मोटारीची पोलिसांनी वॉरंटाशिवाय झडती घेतली. आत गांजा सापडला. आरोपीतर्फे म्हणणे असे की हे घर आहे, आणि घरात वॉरंटाशिवाय शिरता येत नाही. न्यायालयाने बहुमताने ठरवले की ते चटकन पळू शकणारे वाहन आहे. तीच गाडी ठोकळ्यांवर चढवलेली असती, वीज-पाण्याच्या नळांना जोडलेली असती, तर काय म्हटले असते हे मात्र न्यायमूर्तींनी मोकळे ठेवले. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच असेल. पण आत बिछाना आहे, शेगडी आहे, पडदे ओढलेले आहेत. मनुष्य ज्या गोष्टींना घर म्हणतो त्या साऱ्या आहेत. कमी आहे ती एकच, की ती हलू शकते. म्हणजे हलण्याची जी शक्ती आपल्याला स्वातंत्र्य वाटली, तिच्याच किमतीत उंबऱ्याची आब गेली.

आणि याच्यामागे एक फार जुना संशय आहे. फिरणारा मनुष्य काही तरी लपवत असला पाहिजे, असे स्थिर माणसाला नेहमी वाटते. इंग्रजांच्या भटकेपणाविरुद्धच्या कायद्यांत हा संशय शतकानुशतके मुरलेला होता. तो अमेरिकेत गेला. जॅक्सनव्हिल शहराचा, हेतूवाचून हिंडणाऱ्यांना पकडण्याचा नियम १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी निकालात थोरो आणि व्हिटमन यांची आठवण काढली. तोच संशय आपल्याकडेही आला. १८७१ च्या कायद्याने इथल्या कित्येक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. सोलापूरला त्यांना सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात ठेवले होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. संशय इतक्या लवकर जात नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात पत्त्याचा रकाना असतो. ऊसतोडीला निघालेल्या एका बापाला मी विचारले, “पत्ता काय लिहू?” तो म्हणाला, “कारखान्याचं नाव लिवा गुर्जी, पर औंदा कंचा ते मुकादम सांगंल.” रकान्याला हे उत्तर चालत नाही. पत्ता नसलेले मूल कागदावर अर्धेच असते.

अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाचा २८ जून २०२४ चा निकाल मी दोनदा वाचला. ऑरेगनमधल्या ग्रँट्स पास गावी सार्वजनिक जागेत पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला २९५ डॉलर दंड होता. गावात रात्रीचा पुरेसा आसरा नाही, मग माणसाने झोपावे कुठे, हा वाद. सहा विरुद्ध तीन मतांनी गावाचा नियम घटनेत बसतो असे ठरले. नियम करणारी माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. आपल्या बागेत मुले खेळावीत ही इच्छा रास्तच आहे. पण तो दंड ज्याच्या झोपेवर बसतो त्याला झोप टाळता येत नाही, याचे उत्तर त्या रास्त इच्छेत सापडत नाही.

आता पुन्हा त्या अनिकेताकडे पाहिले की तो निराळा दिसू लागतो. संन्याशाने गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्रींहून अधिक राहू नये, असा आपल्याकडेही दंडक होता. चौदा दिवसांचा नियम त्यापुढे सैलच म्हणायचा. पण तो दंडक होता तो संन्याशाचा जीव जागेत गुंतू नये म्हणून, जागेला संन्याशापासून वाचवण्यासाठी नव्हे. त्या एका रात्रीपुरती देवळाची ओसरी त्याची असे. पावसाळ्यात तर गृहस्थांनी त्याच्यासाठी डोंगर कोरले. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे: लेण्यात पावसाळा काढणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले, त्यांच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळावीत. घर सोडून गेलेल्यांची एवढी काळजी घर धरून बसलेल्यांनी वाहिली, तेव्हा कुठे अनिकेताला अनिकेत राहता आले.

कॅलिफोर्नियात सांता बार्बरा शहरात २००४ पासून असे काहीसे चालू आहे. चर्चची आणि कचेऱ्यांची वाहनतळे रात्री रिकामी असतात. गाडीत राहणाऱ्यांना तिथे नाव नोंदवून झोपता येते. संध्याकाळी यायचे, सकाळी कामाची माणसे येण्यापूर्वी निघायचे. मधल्या तासांत काचेवर कोणी टकटक करत नाही.