अण्णांना विचारलंत का?

लघवीतून रक्त गेलं; पण दुखत काहीच नव्हतं, म्हणून अंगावर काढलं. मग दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढला आणि कॅन्सरची गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरल्याचं निघालं. आता घर कामाला लागतं. मुलगा फाईल घेऊन आत जातो, जावई दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतो आणि ज्यांचा आजार ते अण्णा बाहेर बाकावर. ‘त्यांना एवढ्यात सांगू नका, धसका घेतील.’ हे मायेनंच म्हटलेलं असतं. तरी ते चूक आहे.

कारण प्रश्न फक्त मूत्राशय काढण्याचा नसतो. पुढे जगायचं कसं, हाही असतो. 1950 साली ब्रिकर या अमेरिकी सर्जननं मांडलेली पद्धत आजही वापरतात: लहान आतड्याचा वीतभर तुकडा मूत्रवाहिन्यांना जोडून त्याचं तोंड, म्हणजे स्टोमा, पोटावर आणायचं आणि वर पिशवी चिकटवायची. दुसऱ्या पद्धतीत आतड्याचंच नवं मूत्राशय शिवतात. पिशवी टळते, पण लघवीची पूर्वीसारखी जाणीव होत नाही. गजर लावून रात्रीसुद्धा उठावं लागतं, सुरुवातीला अंथरूण ओलं होतं. काही मोजक्या रुग्णांत केमो आणि रेडिएशननं मूत्राशय राखताही येतं. पुरुषांची प्रोस्टेटही बहुधा काढावी लागते, कामजीवनावर परिणाम होतो. हे सासऱ्यांच्या वतीनं जावयानं ठरवायचं? सोवळं पाळणाऱ्याला पिशवी असह्य वाटेल; दिवसभर रानात राबणाऱ्याला कदाचित तीच सोयीची.

सगळं ऐकून अण्णा ‘तुम्हीच बघा’ म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय. न सांगता घेतलेला मात्र नव्हे.

तंबाखू हे या रोगाचं मोठं कारण. पण ‘तरी सांगत होतो’ हे वाक्य आता गिळून टाका. त्यापेक्षा ऑपरेशनआधी स्टोमा नर्सची गाठ घालून द्या, पिशवीसह हिंडणारं-फिरणारं कुणी भेटवा. बदलायची कशी ते तुम्हीही शिका, पण हात त्यांचेच चालू द्या.

समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे: रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असेल, तर तातडीचा प्राणघातक प्रसंग नसताना त्याच्या वतीनं आईनं दिलेली संमतीसुद्धा चालत नाही. मग मुला-जावयाची कशी चालेल?