नुकसान मान्य आहे, पण कोणाला?

सर्व्हर सुरू होताना कधीकधी काळ्या पडद्यावर एक सूचना येते आणि सगळं तिथेच थांबतं. एचपीच्या जुन्या स्मार्ट अ‍ॅरे कार्डांवर काम केलेल्यांना ती ओळखीची असेल. तिचा अर्थ साधारण असा : आधी बंद पडलेल्या डिस्क आता चालू दिसतायत, किंवा त्यांच्या जागी नव्या बसवलेल्या दिसतायत. एफ-१ दाबलंत तर डिस्कचा संच बंद ठेवून पुढे जाऊ. एफ-२ दाबलंत तर डेटाचं नुकसान मान्य करून संच पुन्हा चालू करू.

'नुकसान मान्य करून' हे माझ्या पदरचं नाही, मूळ सूचनेतच तसं आहे. मला ते फार विचित्र वाटतं. मान्य करणं ही माणसामाणसांतली गोष्ट आहे. करारात, कोर्टात, सोयरिकीच्या बैठकीत आपण काहीतरी मान्य करतो आणि मान्य करणाऱ्याला नाव असतं. इथे ते एका बटणावर होतं. बटण कोणाच्या बोटाखाली आहे, त्याला हे मान्य करायचा अधिकार आहे का, हे कार्डाला कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. मग ते कळून घ्यायचं काम कोणाचं?

मी भिवंडीच्या गोदामांत सर्व्हर दुरुस्त करत फिरतो. काल्हेर, राहनाळ, पूर्णा, दापोडे, वळ ही गावं एकेकाळी भातशेतीची होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरी मुंबईच्या उंबऱ्यावर, म्हणून इथे गोदामं आली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. तुम्ही रात्री मोबाइलवरून मागवलेली वस्तू अशाच एखाद्या गाळ्यातून निघालेली असू शकते. वळमध्ये एखाद्या गाळ्यात शिरलात तर रॅक, खोकी, हातगाड्या दिसतील. सर्व्हर दिसणार नाही. तो बहुतेक वेळा जिन्याखालच्या खोलीत, धूळ खात, जुन्या यूपीएसच्या शेजारी असतो. पण कुठलं खोकं कुठे आहे आणि कुठल्या गाडीत चढलं, हे त्यालाच माहीत असतं.

त्या सर्व्हरच्या आत, डिस्क आणि बाकीच्या यंत्राच्या मध्ये, एक कार्ड असतं. चार-सहा डिस्क मिळून एकच मोठी डिस्क असल्याचा भास ते निर्माण करतं. पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८मध्ये बर्कलीतून ही कल्पना 'रेड' या नावाने मांडली : स्वस्त डिस्कचा संच असा रचायचा की त्यातली एखादी गेली तरी डेटा जाऊ नये. या कार्डाची स्वतःची मेमरी असते. गोदामातला सुपरवायझर नोंद करतो तेव्हा कार्ड ती आधी या मेमरीत घेतं आणि वर कळवतं, 'लिहिलं.' खरं तर अजून डिस्कवर काही लिहिलेलं नसतं, ते सवडीने होतं. मधल्या काळात वीज गेली तर न लिहिलेलं जपायला कार्डाला बॅटरी जोडलेली असते. जुन्या कार्डांत ती फार तर दोन-तीन दिवस टिकते. माल न मोजताच 'पोचला' म्हणून पावती द्यायची आणि मोजणी नंतर करायची, तसाच हा व्यवहार. तो विश्वासावर चालतो आणि बहुतेक वेळा नीट चालतो.

चालत नाही तेव्हा मला बोलावतात. मग विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याच्याही आधीच्या पातळीवर, फर्मवेअरच्या कन्सोलवर काम करावं लागतं. तिथे माउस नसतो, युजरचं नाव नसतं, बऱ्याचदा पासवर्डही नसतो. ही पातळी कशी असते ते कळायला सन कंपनीच्या जुन्या सर्व्हरचं उदाहरण चांगलं आहे. त्यांच्या फर्मवेअरचं नाव ओपनबूट. पडद्यावर नुसतं 'ओके' असं यायचं आणि ते तुमच्या आज्ञेची वाट बघायचं. भाषा होती फोर्थ. तिच्यात आधी वस्तू सांगायच्या आणि क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं. '९ बी क्रिएट-रेड१-व्हॉल्यूम' म्हणजे 'नऊ आणि बी क्रमांकाच्या डिस्क घे आणि त्यांची जोडी कर.' मराठी माणसाला हे वाक्य इंग्रजी आज्ञेपेक्षा जवळचं वाटावं.

याच ओपनबूटमध्ये 'प्रोब-स्कझी-ऑल' अशी आज्ञा आहे. जोडलेल्या सगळ्या डिस्कना ती 'कोण आहेस?' एवढंच विचारते, कशात काही बदल करत नाही. तरीही चालू यंत्रणा मध्येच थांबवून ती दिली, तर फर्मवेअर सांगतं की यंत्र अडकून बसू शकेल, आधी 'रीसेट-ऑल' करा. तरीही पुढे जायचं आहे का? नुसतं बघण्याआधीही ते स्वतःची अडचण सांगतं. उलट 'डिलीट-व्हॉल्यूम' दिली तर ते सांगतं की संच आणि त्यातला डेटा पुसला जाईल, आणि विचारतं, तुमची खात्री आहे का? काही न लिहिता एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं. ज्याने हे लिहिलं तो माणूस विचारी असणार. पण प्रश्न इथेच आहे. 'तुमची खात्री' म्हणजे कोणाची?

वळच्या एका गोदामातली गोष्ट. रविवारची सकाळ. शनिवारी रात्री वीज गेली, यूपीएसने दगा दिला. वीज आली तेव्हा कार्डाला चारपैकी दोन डिस्क सापडेनात. तिथल्या रचनेत एक डिस्क गेली तर चालतं, दोन गेल्या तर संपूर्ण संच बंद. पडद्यावर सूचना होती : काही संच गायब आहेत आणि त्यांच्यासाठी न लिहिलेला डेटा मेमरीत जपून ठेवला आहे, केबल तपासा, डिस्क जागेवर आहेत ना बघा. दोन वाटा होत्या. जपलेला डेटा टाकून द्यायचा, नवा संच करायचा, शनिवार दुपारचा बॅकअप चढवायचा आणि तासा-दीड तासात काम सुरू. किंवा सर्व्हर बंद करून एकेक जोडणी तपासत बसायचं. त्याला किती वेळ लागेल आणि यश येईल का, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

बाहेर गाड्या उभ्या होत्या. मॅनेजर म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, उडवून टाका. एका रात्रीचा डेटा तर आहे."

त्यांचं चुकत होतं असं नाही. गाडी उभी राहिली की तिचं भाडं चढतं, ड्रायव्हरची पुढची फेरी जाते. थांबण्याची किंमतही माणसंच मोजतात. पण दारात हमालांचा मुकादम उभा होता. त्याने विचारलं, "रात्री आम्ही भरलेले नग कशात आहेत?"

ते त्यातच होते. ठेकेदाराकडची माणसं, मजुरी नगावर. रात्रभरात कोणी किती खोकी चढवली ते स्कॅनरने थेट सर्व्हरवर गेलेलं. कागद बंद होऊन वर्ष झालं होतं. म्हणजे मॅनेजरसाठी जी 'एका रात्रीची नोंद' होती, ती पंधरा-वीस घरांची एका रात्रीची कमाई होती. नुकसान मान्य करायला तयार असलेला एक, आणि ते सोसणारे दुसरे.

मी एका कागदावर लिहिलं : 'डेटा टाकला तर शनिवार दुपारपासून रविवार पहाटेपर्यंतच्या सर्व नोंदी, हमालांच्या नगांसह, कायमच्या जातील. परत आणता येणार नाहीत.' आणि मॅनेजरना म्हटलं, वाचून सही करा, मग टाकतो. त्यांनी वाचलं, मालकांना फोन लावला, मुकादमाला आत बोलावलं. मुकादमाचं उत्तर मात्र मला वाटलं तसं नव्हतं. तो म्हणाला, "रात्रपाळीचे पैसे जाऊ नयेत हे खरं, पण दिवसपाळीची पोरं बसून आहेत, त्यांचापण खाडा पडतोय. बारापर्यंत बघा. नाही जमलं तर आमचा आकडा आम्ही सांगू तो धरा आणि सुरू करा." मालकांनी फोनवर ते कबूल केलं आणि कागदाखाली तसं लिहिलं गेलं.

मग आधी फक्त बघून घेतलं. प्रत्येक डिस्कचा क्रमांक आणि जागा वहीत उतरवली. सर्व्हर बंद केला. डिस्क ज्या पाटीवर बसतात तिची वीजजोडणी सैल निघाली. जोडून पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही डिस्क दिसल्या, पण कार्ड त्यांना 'परक्या' म्हणू लागलं, कारण त्यांच्यावरची संचाची नोंद आणि कार्डाकडची नोंद जुळत नव्हती. अशा वेळी यूईएफआय शेलवरून आज्ञा देता येते : परकी रचना सामावून घेतली तर काय होईल ते आधी नुसतं दाखव. शेजारीच दुसरी आज्ञा असते, परकी रचना पुसून टाक. दोघींत एका शब्दाचा फरक. आधी दाखवायला सांगितलं, संच पूर्ण दिसला, मग सामावून घेतला. जपलेला डेटा कार्डाने आपसूक डिस्कवर उतरवला. साडेअकरा वाजले होते.

डेटा परत आला म्हणून आमचा निर्णय बरोबर ठरला, असं मी मानत नाही. जोडणी सैल नसती, डिस्कच जळलेल्या असत्या, तर तीन तास वाया गेले असते आणि मला शिव्या बसल्या असत्या. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये 'नैतिक दैव' या कोड्यावर लिहिलं : आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवरून जग आपल्याला चांगलं-वाईट ठरवतं. दुरुस्तीच्या धंद्यात हे रोज होतं. न विचारता एफ-२ दाबला आणि नशिबाने सगळं चाललं, तर तो हुशार. विचारून थांबला आणि डेटा गेला, तर तो ढिला. मला वाटतं, त्या सकाळी जे बरोबर झालं ते साडेअकराच्या आधीच झालं होतं. ज्याचं जाणार होतं त्याला ते कळलं, त्याच्या भाषेत कळलं, आणि ठरवताना तो खोलीत होता.

यावर एक चांगला आक्षेप आहे. प्रत्येक आज्ञेला पंचायत भरवली तर काम कधी होणार? खरंय. म्हणून मी तीन भाग करतो. जी आज्ञा फक्त बघते, ती मी देतो. जी उलटवता येते, ती देतो आणि वहीत लिहितो. जी उलटवता येत नाही, तिथे मी थांबतो आणि विचारतो की हे कोणाचं आहे. मालकाचंच असेल तर मालकाला. दुसऱ्याचं असेल तर त्यालाही, तो पगारपत्रकात नसला तरी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ज्याला अधिकार आहे त्याला कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याला अधिकार नाही. मुकादमाला 'परकी रचना' काय कळणार? पण त्याला ते कळायची गरज नव्हतीच. त्याला 'कालचे नग जातील' एवढं कळणं पुरेसं होतं. ते भाषांतर करणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, केबल जोडण्याइतका. डॉक्टर पोट उघडण्याआधी सही घेतात तेव्हा शस्त्रक्रिया शिकवत नाहीत. काय होऊ शकतं ते सांगतात. ते न सांगता घेतलेली सही म्हणजे नुसती शाई.

कायदाही हळूहळू इथे येतोय. डिजिटल व्यक्तिगत डेटाच्या २०२३च्या कायद्यात डेटा सांभाळणाऱ्याला 'डेटा फिड्यूशियरी' म्हटलं आहे, म्हणजे विश्वस्त. व्यक्तिगत डेटा चुकून नष्ट होणं किंवा हाती न लागणं हेही त्यात 'भंग' या व्याख्येत येतं. चोरी हाच एक अपराध आणि हरवणं म्हणजे नशीब, ही समजूत त्यामुळे ढळते. पण जिन्याखालच्या खोलीत रविवारी सकाळी कायद्याचं पुस्तक उघडून कोणी बसत नाही. तिथे असतो तो एक माणूस, एक कीबोर्ड आणि 'तुमची खात्री आहे का' हा प्रश्न.

तुम्ही सर्व्हरला हात लावत नसाल, पण घरात हे बटण तुमच्याही हाती येतं. आजीचा फोन अडकतो, तुम्ही तो 'फॅक्टरी रीसेट'ला लावता. सगळं पुसलं जाईल असं पडद्यावर येतं, तुम्ही पुढे जाता, फोन झकास चालू लागतो. आजोबांचे आवाजी मेसेज त्यात होते का, हे तुम्ही विचारलेलं नसतं. आजी सांगूही शकली नसती, कारण 'रीसेट' म्हणजे काय हे तिला माहीत नाही. तेव्हा 'आजी, यातलं काय गेलेलं चालणार नाही?' एवढा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. तो मराठीत विचारा, आणि उत्तर येईपर्यंत बोट उचलून धरा.